नवी स्क्रीन उघडताच ॲप बंद पडतंय? या चुका टाळा

"सर, बटण दाबलं की ॲप बंद पडतंय." नव्या मुलांना अँड्रॉइड शिकवताना हे वाक्य मी इतर कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. सोबत बहुतेकदा फोनच्या पडद्याचा फोटो येतो. त्या फोटोतून काहीही कळत नाही. कळतं ते लॉगकॅटमधून, म्हणजे फोनमध्ये काय घडतंय त्याच्या नोंदींमधून, आणि तो उघडलेलाच नसतो.

मी कुणाच्याही कोडला हात लावण्याआधी एकच काम करतो. लॉगकॅटमध्ये 'फेटल एक्सेप्शन: मेन' ही ओळ शोधतो, तिथून खाली वाचत सगळ्यात शेवटच्या 'कॉज्ड बाय'पर्यंत, म्हणजे मूळ कारणापर्यंत जातो आणि त्याखाली आपल्या पॅकेजचं, म्हणजे आपल्याच कोडचं, नाव असलेली पहिली ओळ पकडतो. तिथे फाइलचं नाव असतं, ओळीचा आकडा असतो. दहातले आठ प्रश्न इथेच मिटतात. पण मुलं वरची पहिली लाल ओळ वाचतात आणि थांबतात. 'एरर इन्फ्लेटिंग क्लास' एवढं दिसलं की लेआउट, म्हणजे स्क्रीनची मांडणी, नव्याने लिहायला घेतात. खाली शेवटच्या 'कॉज्ड बाय'मध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की चित्र सापडत नाही, कारण ते चुकून फक्त 'ड्रॉएबल-व्ही२४' या अँड्रॉइड ७ आणि पुढच्या फोनसाठीच्या फोल्डरमध्ये टाकलंय आणि हातातला फोन अँड्रॉइड ६चा आहे.

लॉग न वाचता क्लीन करा, रीबिल्ड करा, कॅश उडवा, एम्युलेटर नव्याने टाका, यात अर्धा दिवस घालवणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या 'ऑनक्रिएट'ला, म्हणजे स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या कोडला, एरर पकडून गिळणारं ट्राय-कॅच गुंडाळणं. ॲप बंद पडत नाही, पण वापरणाऱ्यासमोर कोरी स्क्रीन येते आणि चूक शोधायचा एकमेव धागाही जातो. रिकामा कॅच ब्लॉक दिसला की मी तो आधी काढायला लावतो, मग बोलू म्हणतो.

नेहमीच्या चुका पटकन सांगतो. नवी ॲक्टिव्हिटी (म्हणजे एक स्क्रीन) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदणीच्या फाइलमध्ये, नोंदवलेली नसते. याचा एरर तर स्वतःच विचारतो की नोंदवली आहे का. स्क्रीनवरची वस्तू शोधणारं 'फाइंडव्ह्यूबायआयडी' हे स्क्रीनची मांडणी लावणाऱ्या 'सेटकंटेंटव्ह्यू'च्या आधी, किंवा थेट क्लासच्या वरच्या भागात लिहिलेलं असतं, जिथे स्क्रीन अजून तयारच झालेली नसते. 'ॲपकॉम्पॅट' (जुन्या फोनवरही चालणाऱ्या) ॲक्टिव्हिटीला दुसऱ्याच जातीची थीम दिलेली असते. फ्रॅगमेंटला, म्हणजे स्क्रीनच्या तुकड्याला, रिकामा कन्स्ट्रक्टर नसतो, त्यामुळे फोन आडवा केल्यावर सिस्टीमला तो नव्याने बनवता येत नाही आणि ॲप बंद. एका स्क्रीनवरून दुसरीवर नेणारं नेव्हिगेशन कंपोनंट वापरताना बटण घाईत दोनदा दाबलं जातं आणि दुसऱ्या वेळी ती वाट सापडत नाही.

आता ज्या चुकीने माझे दोन दिवस खाल्ले, तिच्याबद्दल सविस्तर.

२०१८ची गोष्ट. नाशिक भागातल्या द्राक्षबागांच्या पाहणीसाठी आम्ही एक ॲप करत होतो. एका स्क्रीनवर प्लॉटची यादी, प्लॉटवर बोट ठेवलं की तपशिलाची नवी स्क्रीन. ऑफिसात सगळं सुरळीत. बागेत गेलेल्या मुलांचे मात्र फोनवर फोन यायला लागले: तपशील उघडतो, क्षणभर दिसतो आणि ॲप बंद. नवी स्क्रीन उघडताना पडतंय म्हणजे दोष नव्या स्क्रीनचाच, असं धरून आम्ही चौघांनी ती स्क्रीन उसवून काढली. लॉगमध्ये आमच्या कोडची एकही ओळ नव्हती, सगळी नावं सिस्टीमची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ती स्क्रीन पूर्ण रिकामी केली, नुसता पांढरा पडदा ठेवला. तरी बागेतल्या फोनवर ॲप पडलं. मग आमच्यातल्या एकीने प्लॉटला हातच न लावता, यादीवरून नुसतं होम बटण दाबलं. तेव्हाही पडलं.

यादीची स्क्रीन मागे गेली की ॲप पडत होतं. फोन आडवा केल्यावर यादी जाऊ नये म्हणून आम्ही ती अख्खी, प्रत्येक प्लॉटच्या छोट्या फोटोसकट, 'ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट'मध्ये, म्हणजे स्क्रीन मागे जाताना तिची स्थिती जपण्याच्या जागेत, भरत होतो. ही स्थिती बाइंडरमधून, म्हणजे ॲप आणि सिस्टीममधल्या देवाणघेवाणीच्या वाटेने, सिस्टीमकडे जाते, आणि बाइंडरची जागा एका प्रोसेसच्या (चालू ॲपच्या) सगळ्या चालू देवाणघेवाणींना मिळून साधारण १ एमबी. ऑफिसातल्या यादीत वीस प्लॉट होते, बागेतल्या यादीत काही शे. लॉगमध्ये 'ट्रान्झॅक्शनटूलार्ज'पुढे दहा लाखांवरचा बाइट्सचा आकडा पहिल्या दिवसापासून होता. आपल्या फाइलचं नाव नाही म्हणून आम्ही ती ओळ ओलांडून जात होतो. ऑफिसातल्या फोनवर मोठी यादी टाकूनही ॲप पडेना, कारण तो फोन अँड्रॉइड ६चा होता. तिथे सिस्टीम हा एरर फक्त लॉगमध्ये नोंदवून गप्प बसायची. अँड्रॉइड ७.०पासून, म्हणजे २०१६पासून, त्या किंवा पुढच्या आवृत्तीला टार्गेट केलेलं (तिच्यासाठी बनवल्याचं सांगणारं) ॲप थेट बंद पाडलं जातं.

तेव्हापासून माझी सवय अशी: सेव्ह करायच्या स्थितीत आणि इंटेंटमध्ये (नवी स्क्रीन उघडताना पाठवायच्या निरोपात) फक्त आयडी, फार तर यादी कुठपर्यंत सरकवली होती तो आकडा. बाकी सगळं 'रूम' लायब्ररीने फोनमध्येच ठेवलेल्या डेटाबेसमध्ये, नवी स्क्रीन आयडी घेऊन तिथून वाचेल. गूगलचं स्वतःचं सांगणं आहे की ही स्थिती ५० केबीच्या आत ठेवा. फोटो तर इंटेंटमधून कधीच पाठवू नका, त्याचा फाइलचा पत्ता पाठवा.

हे सांगितलं की घाईतली मुलं लगेच पळवाट काढतात. यादी एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये किंवा कंपॅनियन ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे सगळ्या ॲपला दिसणाऱ्या पण फक्त मेमरीत राहणाऱ्या जागेत, टाकतात आणि नव्या स्क्रीनमध्ये तिथून उचलतात. चालतंही, म्हणून त्यांना माझं बोलणं पटत नाही. पण वापरणारा मध्येच कॅमेरा उघडतो, फोनची मेमरी कमी पडते, सिस्टीम आपली प्रोसेस मारून टाकते. तो परत येतो तेव्हा अँड्रॉइड थेट तपशिलाची स्क्रीन पुन्हा उभी करतं. यादीची स्क्रीन चाललेलीच नसते, स्टॅटिक रिकामं, ॲप बंद. असे क्रॅश स्वस्त, कमी रॅमच्या फोनवर सर्वांत जास्त येतात आणि बागेत, दुकानात, रिक्षात तेच फोन असतात.

डेव्हलपर ऑप्शन्समधल्या 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज'ने (मागे गेलेली स्क्रीन लगेच मोडणाऱ्या सोयीने) ही चूक सापडत नाही, कारण त्यात प्रोसेस जिवंत राहते. मी तपशिलाची स्क्रीन उघडतो, होम दाबतो, कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये ॲपची प्रोसेस मारणारी 'एडीबी शेल एएम किल' ही आज्ञा आणि पुढे पॅकेजचं नाव देतो, मग रिसेंट्समधून ॲप परत उघडतो. प्रत्येक नव्या स्क्रीनसाठी, ती पूर्ण झाली असं म्हणायच्या आधी. यात एक मिनिटही जात नाही, आणि माझ्याकडे काम करणाऱ्या कुणालाही मी यातून सूट देत नाही.