ड्रायव्हरचा मेमरी फॉल्ट रिपोर्ट करायच्या आधी हाताशी काय काय हवं

सगळ्यात आधी हे बघा की चुकीच्या ॲड्रेसवर हात घातला कुणी, सीपीयूनं की डिव्हाइसनं. पुढची सगळी तयारी यावरच ठरते, आणि नेमकं हेच न बघता लोक "ड्रायव्हर क्रॅश होतोय, मेमरी एरर येतोय" एवढं लिहून मोकळे होतात, मग मेंटेनर (तो ड्रायव्हर सांभाळणारा माणूस) बिचारा आठवडाभर नुसते प्रश्न विचारत बसतो. लिनक्सवर ओळखायला फार काही लागत नाही. लॉगमध्ये "अनएबल टू हँडल पेज फॉल्ट" किंवा "नल पॉइंटर डिरेफरन्स" असं असेल आणि खाली आरआयपी (अडलेल्या इन्स्ट्रक्शनचा ॲड्रेस), रजिस्टर्स, कॉल ट्रेस (कुठल्या फंक्शननं कुठलं बोलावलं त्याची यादी) असलं सगळं लांबलचक आलं असेल तर सीपीयूवर चालणाऱ्या कोडनंच भलतीकडे वाचलंय किंवा लिहिलंय (या अख्ख्या मेसेजला ऊप्स म्हणतात). ओळ डीएमएआर नं सुरू होत असेल (इंटेल), किंवा एएमडी-व्हीआय आणि पुढे आयओ पेज फॉल्ट असं असेल, किंवा आर्मवर एसएमएमयूचा "अनहँडल्ड कॉन्टेक्स्ट फॉल्ट" असेल, तर डिव्हाइस डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणं-लिहिणं) करायला गेलं आणि आयओएमएमयूनं (डिव्हाइसच्या मेमरी वापरावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) त्याला दारातच अडवलं. ग्राफिक्स कार्डांचं अजून वेगळं, त्यांचा स्वतःचा एमएमयू (ॲड्रेसचं मॅपिंग करणारं हार्डवेअर) असतो, त्यामुळे एएमडीचा ड्रायव्हर एएमडीजीपीयू स्वतःच पेज फॉल्ट छापतो आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये तोच प्रकार एक्सआयडी ३१ (एक्सआयडी म्हणजे त्यांचा एरर नंबर) म्हणून दिसतो. आणि मशीन चेक किंवा ईडॅकच्या (दोन्ही हार्डवेअरच्या चुका कळवणाऱ्या) ओळी असतील तर ड्रायव्हरला शिव्या घालायच्या आधी जरा थांबा, रॅम किंवा प्रोसेसरच बोंबलत असण्याची शक्यता बरीच आहे.

आर्मवाल्या बोर्डांवर अजून एक प्रकार सारखा भेटतो, "सिंक्रोनस एक्स्टर्नल अबॉर्ट". यात ॲड्रेसचं मॅपिंग बरोबर असतं पण पलीकडचं हार्डवेअर उत्तरच देत नाही, आणि बरेचदा कारण एवढंच की त्या ब्लॉकचा क्लॉक किंवा पॉवर बंद असताना ड्रायव्हरनं रजिस्टर वाचलं. असं असेल तर रिपोर्टमध्ये रनटाइम पॉवर मॅनेजमेंट चालू होतं का, सस्पेंडमधून उठताना झालं का, हे आधी लिहा, स्टॅक ट्रेस नंतर.

आता लॉग. पूर्ण लॉग म्हणजे बूट झाल्यापासूनचा, शेवटच्या वीस ओळी नाही आणि मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो तर नाहीच (दुसरं काहीच हातात नसेल तर फोटो चालेल, पण ते तसं सांगा). मशीन अजून जिवंत असेल तर डीमेसेजचा (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) आउटपुट लगेच फाइलमध्ये टाका कारण कर्नलचा लॉग बफर गोल फिरतो, आणि फॉल्टचा पाऊस सुरू झाला की पहिली ओळ वाहून जाते आणि कामाची असते ती पहिलीच. नंतरचे फॉल्ट बहुतेक वेळा पहिल्या फॉल्टनं केलेल्या पसाऱ्यातून येतात. ऊप्स असेल तर कंसात #१ आहे का बघा, आणि टेंटेडच्या (कर्नलवर कुठले डाग पडलेत ते सांगणाऱ्या) ओळीत डी हे अक्षर आहे का तेही, डी असेल तर तुम्ही जो ऊप्स पेस्ट करताय त्याच्या आधी एक होऊन गेलाय आणि तो शोधायला हवा. बफर पुरत नसेल तर बूटच्या वेळी लॉग-बफ-लेन वाढवा.

मशीन पूर्ण लटकलं असेल तर रीबूटनंतर जर्नलसीटीएलनं मागच्या बूटचा कर्नल लॉग काढता येतो, म्हणजे उणे के आणि उणे बी उणे एक, पण जर्नल डिस्कवर साठवलं जात असेल तरच, म्हणून ते स्टोरेज आजच परसिस्टंट करून ठेवा. तरी शेवटच्या काही ओळी डिस्कपर्यंत पोचल्या नसतील अशी शक्यता राहतेच. मग पीस्टोअरचा फोल्डर बघा, बऱ्याच मशीनवर कर्नल मरता मरता तिथे काहीतरी टाकून जातो आणि सिस्टमडी ते नंतर स्वतःच्या व्हार-लिबमधल्या फोल्डरमध्ये हलवतो, त्यामुळे "पीस्टोअर रिकामं आहे" म्हणायच्या आधी तिकडेही डोकावा. यातलं काहीच मिळत नसेल तर पुढच्या वेळेसाठी सिरियल कन्सोल किंवा नेटकन्सोल (लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवणारे) लावून ठेवा, आणि केडंप (क्रॅशच्या वेळची मेमरी साठवणारा) बसवता आला तर सगळ्यात भारी. ग्राफिक्स, वायफाय असले ड्रायव्हर क्रॅशच्या वेळी डेव्ह-कोअरडंप (डिव्हाइसची त्या क्षणाची स्थिती) बनवतात, तो सिसएफएसमध्ये (कर्नलच्या /sys फोल्डरात) साधारण ५ मिनिटंच राहतो आणि मग गायब होतो, तेव्हा फॉल्ट झाल्यावर निवांत उठून सावकाश बघू असं इथे चालत नाही, छोटी स्क्रिप्ट किंवा युडेव्हचा रूल लावून आपोआप कॉपी होईल असं करा.

डीएमएआरची ओळ आली असेल तर ती नुसती चिकटवू नका, एकदा वाचा, त्यात चारच गोष्टी असतात पण चारही बोलतात. वाचायला गेलं की लिहायला, ते डीएमए रीड किंवा राइट असं लिहिलेलं असतं. मग रिक्वेस्ट करणारं डिव्हाइस, समजा ०२:००.०, हे एलएसपीसीआयच्या यादीत कुठलं कार्ड आहे ते जुळवून रिपोर्टमध्ये नावानिशी लिहा, कारण तुमच्या मशीनवरचा ०२ नंबर समोरच्याला काय कळणार, आणि कधी कधी तर ज्या कार्डवर संशय होता त्याऐवजी शेजारचंच निघतं. मग फॉल्टचा ॲड्रेस. आणि शेवटी रीझन, त्यात ०५ म्हणजे त्या पेजवर लिहायची परवानगी नाही, ०६ म्हणजे वाचायची नाही, आणि ०२ म्हणजे त्या डिव्हाइसची कॉन्टेक्स्ट एंट्रीच (आयओएमएमयूच्या टेबलातली नोंद) हजर नाही, जो पूर्ण वेगळा विषय आहे. ॲड्रेसकडे जरा जास्त वेळ बघा. शून्य किंवा शून्याजवळचा असेल तर डिस्क्रिप्टर (बफर कुठे आहे ते सांगणारी नोंद) न भरताच हार्डवेअरला दिला असेल. ३२ बिटच्या अगदी वरच्या टोकाचा, म्हणजे एफ एफ एफ नं सुरू होणारा असेल तर लिनक्स तिथूनच खाली खाली आयओव्हीए (डिव्हाइसनं वापरायचे ॲड्रेस) वाटत येतो, तेव्हा तो ॲड्रेस कधीतरी खरा होता आणि अनमॅप झाल्यावरही डिव्हाइस तिथे जातंय असं समजायला जागा आहे. मॅप केलेल्या बफरच्या शेवटाला अगदी चिकटून पुढच्या पेजवर असेल तर लांबी चुकली किंवा हार्डवेअर गरजेपेक्षा पुढचं वाचून ठेवतंय. आणि खऱ्या फिजिकल रॅमच्या ॲड्रेससारखा दिसत असेल तर ड्रायव्हरनं डीएमए मॅपिंग न करता थेट फिजिकल ॲड्रेस दिलाय किंवा बायोसनं सुरू केलेला डीएमए अजून चालूच आहे. तुम्हाला निष्कर्ष काढायची गरज नाही, पण यातलं कुठलं चित्र दिसतंय एवढं लिहिलंत तरी समोरचा माणूस थेट योग्य फाइल उघडतो.

सीपीयूच्या बाजूचा ऊप्स असेल तर तीन जागा बघा. फॉल्टचा ॲड्रेस, जो एक्स८६ वर सीआर२ मध्ये असतो, तो १८ किंवा ४० असा बारका हेक्स आकडा असेल तर नल पॉइंटरवरून स्ट्रक्चरच्या आतलं फील्ड वाचलंय. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी अशी माळ दिसली तर फ्री केलेली मेमरी वापरली (हे स्लबचं पॉइझनिंग, म्हणजे फ्री झालेल्या मेमरीत मुद्दाम खूण भरणं, चालू असेल तरच दिसतं), डेड आणि मग शून्यंच शून्यं आणि शेवटी १०० किंवा १२२ असं दिसलं तर लिस्टमधून काढून टाकलेल्या एंट्रीला परत हात लावलाय. आणि एखादी व्हॅल्यू अगदी बरोबर दिसतेय पण एकच बिट उलटा आहे असं वाटलं तर रॅमवर संशय घ्या. डिव्हाइसच्या रजिस्टरमधून नुसते एफ एफ एफ एफ परत येत असतील तर पीसीआय कार्ड बसवरूनच पडलंय, तिथे मेमरी फॉल्ट हा परिणाम आहे, कारण नाही.

कॉल ट्रेस डीकोड करून द्या, म्हणजे फंक्शन अधिक ऑफसेट याऐवजी फाइल आणि ओळ नंबर. कर्नलच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्सच्या फोल्डरात डीकोड-स्टॅकट्रेस नावाची स्क्रिप्ट आहे, तिला डीबग इन्फोसकटचा व्हीएमलिनक्स (बिल्डमधून निघालेली कर्नलची मूळ फाइल) लागतो आणि तो त्याच बिल्डचा लागतो, त्याच व्हर्जनचा नुसता नाही. कच्चा ट्रेसही सोबत ठेवा, आणि कोड अशी जी हेक्सची ओळ असते ती कचरा समजून उडवू नका, कुठल्या इन्स्ट्रक्शनवर अडलं ते त्यातूनच काढतात. पॉइंटर प्रिंट केलेले डीबग मेसेज टाकणार असाल तर लक्षात ठेवा की ४.१५ पासून कर्नल साधे पॉइंटर हॅश करून, म्हणजे खरा आकडा लपवून, छापतो, ते आकडे फॉल्टच्या ॲड्रेसशी जुळवत बसलात तर वेळ फुकट, टेस्ट मशीनवर ५.१२ पासून नो-हॅश-पॉइंटर्स हा बूट पर्याय आहे.

मग ओळखपत्रं. यूनेमचा (कर्नलचं व्हर्जन सांगणारी कमांड) पूर्ण आउटपुट, डिस्ट्रोचा कर्नल की स्वतः बिल्ड केलेला, असेल तर कॉन्फिग, बूटची कमांड लाइन, एलएसपीसीआय उणे एनएन आणि तीन व्ही सकट आणि तो रूट होऊनच कारण नाहीतर कॅपॅबिलिटीजच्या जागी ॲक्सेस डिनाइड एवढंच येतं, बायोसचं व्हर्जन, डिव्हाइसच्या फर्मवेअरचं व्हर्जन, सीपीयूचा मायक्रोकोड. फर्मवेअर लोक हमखास विसरतात. कर्नल तोच, फर्मवेअरचं पॅकेज मागच्या आठवड्यात अपडेट झालं आणि फॉल्ट सुरू झाले, असं होतं, आणि कर्नलच्या इतिहासात ते कितीही शोधलं तरी सापडत नाही.

टेंटेड झेंडे तपासा. पी म्हणजे प्रोप्रायटरी मॉड्यूल, ओ म्हणजे कर्नलच्या बाहेरून आलेलं मॉड्यूल, एम म्हणजे मशीन चेक होऊन गेलंय. पी किंवा ओ असेल तर ते मॉड्यूल नुसतं काढून भागत नाही, लोडच न होता बूट करून फॉल्ट परत येतो का बघा, कारण एकदा लागलेला डाग रीबूटपर्यंत जात नाही. तरीही येतो म्हणून तो लॉग जोडलात तर पुढचा अर्धा वाद मिटला. ओव्हरक्लॉक, रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल असलं काही असेल ते बंद करा, रात्रभर मेमटेस्ट लावा, ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी रॅम) असेल तर रासडेमनकडे (अशा चुका नोंदवणारा प्रोग्राम) करेक्टेड एररची नोंद आहे का बघा. हे कंटाळवाणं आहे मान्य, पण हा प्रश्न येणारच असतो.

फॉल्ट परत घडवता येणं हे मात्र सगळ्यात मोलाचं, वेळ घालवायचा तर इथे घाला. आयओएमएमयू लेझी मोडमध्ये असला की अनमॅप लगेच लागू होत नाही, थोड्या वेळानं एकगठ्ठा होतो, त्यामुळे उशिरा आलेला डीएमए कधी पकडला जातो कधी निसटतो आणि बग लहरी वाटतो. आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१ देऊन बघा, बरेचदा "दोन दिवसांतून एकदा" होणारा फॉल्ट दर वेळी व्हायला लागतो, आणि तसं झालं तर ती माहितीच अर्धं निदान आहे. सोबत डीएमए-एपीआय-डीबग चालू केलेला कर्नल बनवा, ड्रायव्हरनं मॅप केलं एका लांबीचं आणि अनमॅप केलं दुसऱ्या लांबीचं असली भानगड तो नावानिशी सांगतो. सीपीयूच्या बाजूला केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा कर्नलचा चेकर), तो मशीन जाम हळू करतो त्यामुळे टायमिंगवर अवलंबून असलेला बग लपूही शकतो, मग केफेन्स बरा, हलका असतो पण नशिबानं पकडतो. आयओएमएमयू पूर्ण बंद करून "आता फॉल्ट येत नाही, सुटला प्रश्न" असं मात्र कृपया लिहू नका. बंद केल्यावर मेसेज गेला, डिव्हाइस अजूनही त्याच ॲड्रेसवर लिहितंय, फक्त आता तिथे कुणाचा तरी डेटा आहे. ही टेस्ट करायचीच असेल तर महत्त्वाच्या डिस्क माउंट न करता करा आणि निकाल टेस्ट म्हणूनच लिहा.

आधी चालत होतं आणि आता नाही, असं असेल तर चालणारं शेवटचं आणि न चालणारं पहिलं व्हर्जन शोधा, आणि जमलं तर गिट बायसेक्ट (दर वेळी मधलं व्हर्जन तपासत जाणं) करून नेमका कमिट (कोडमधला एक बदल) काढा. दोन व्हर्जनमध्ये हजारो कमिट असले तरी दर पायरीला निम्मे कटतात, म्हणजे दहाएक हजारांना चौदाच बिल्ड लागतात. फक्त प्रत्येक पायरीला "गुड" म्हणायच्या आधी पुरेसा वेळ चालवून बघा, घाईत दिलेलं एक चुकीचं गुड सगळं बायसेक्ट भलत्याच कमिटवर नेऊन ठेवतं.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात: स्टॉप कोड आणि त्याचे चारही पॅरामीटर लिहा, मिनिडंप फोल्डरमधली फाइल जपून ठेवा, आणि कोड डी१ किंवा ५० असेल तर शक्यतो ड्रायव्हर, १२४ असेल तर हार्डवेअरनं स्वतः कळवलेली एरर, इतपत फरक आधीच करून घ्या. ड्रायव्हर व्हेरिफायर फक्त संशयित ड्रायव्हरवर लावा, सगळ्यांवर नको, आणि लावायच्या आधी सेफ मोडमधून तो काढायचा कसा ते बघून ठेवा.

आता लिहायला बसा. शीर्षकात ड्रायव्हरचं नाव, फॉल्टचा प्रकार आणि कधी होतो ते, उदाहरणार्थ "अमुक ड्रायव्हर: सस्पेंडमधून उठल्यावर डीएमए राइट फॉल्ट, ६.६ पासून". कुणाला पाठवायचं ते मेंटेनर्सच्या फाइलमधून किंवा गेट-मेंटेनर स्क्रिप्टनं काढा, आणि आयओएमएमयूचा मेसेज आहे म्हणून थेट आयओएमएमयूवाल्यांकडे जाऊ नका, त्यांच्या कोडनं चोर पकडलाय, चोरी दुसऱ्या ड्रायव्हरची आहे. लॉगमधून सिरियल नंबर, मॅक ॲड्रेस, होस्टनेम, डिस्कचे यूयूआयडी काढायचे असतील तर एकसारख्या खुणेनं बदला, ओळी उडवू नका, आणि फॉल्टच्या ॲड्रेसला तर हातही लावू नका. साध्या युजरला किंवा यूएसबी लावणाऱ्या कुणालाही हा फॉल्ट मुद्दाम घडवता येत असेल तर उघड्यावर टाकू नका, कर्नलच्या सिक्युरिटी टीमला खासगीत कळवा.

पाठवल्यावर ते मशीन तसंच ठेवा. तोच फर्मवेअर, तोच खराब कर्नल आणि त्याचा व्हीएमलिनक्स, आणि पॅच आला की लावून बिल्ड करता येईल असं सोर्सचं झाड तयार, कारण मेंटेनरकडे बहुतेक वेळा तुमचं कार्ड नसतं आणि पॅच चालतो की नाही हे तुम्हालाच सांगावं लागतं.