रेडवर लिहिणं मंदावलंय? एसएसडीचं कोटेशन मागवण्याआधी हे तपासा

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण. तिच्यावर वाचन झटपट होतं, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग सेकंदाला २०-३० एमबीवर येऊन बसतो, रात्रीचा बॅकअप सकाळी ऑफिस उघडलं तरी चालूच असतो. अशा तक्रारीत डिस्कवर खापर फोडण्याआधी नीट मोजमाप करा.

साध्या डीडीने (लिनक्सची कॉपी करणारी कमांड) आलेला आकडा धरू नका. लिनक्स डेटा आधी रॅममध्ये घेतो आणि तिथूनच ‘झालं’ म्हणून कळवतो. एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं टूल) वापरा: डायरेक्ट=१ (रॅम वगळून), ब्लॉक ४ केबी, रँडम राइट, ६० सेकंद. मग तीच चाचणी १ एमबी ब्लॉकने सलग लिहून करा. चाचणीची फाइल कंट्रोलरच्या (रेड चालवणारं कार्ड) कॅशपेक्षा, म्हणजे त्यावरच्या मेमरीपेक्षा, बरीच मोठी हवी. २० जीबी ठेवा. आणि चाचणी फाइलवरच करा. घाईत थेट एमडी० (लिनक्समधली अख्खी रेड) या डिव्हाइसचं नाव दिलंत, तर त्यावरचा डेटा गेला म्हणून समजा.

आता आलेला आकडा मुळात कमी आहे का, ते बघा. ७२०० आरपीएमची एक डिस्क रँडम कामात सेकंदाला साधारण ७५-८० आयओ (वाचण्या-लिहिण्याची कामं) देते. रेड-५ मध्ये एक छोटा ब्लॉक लिहायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत काढण्यासाठीचा हिशोब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशी चार कामं होतात. म्हणजे चार डिस्कचे ३०० आयओ भागिले ४, हाती उरतात ७५. एका डिस्कएवढेच! रेड-६ मध्ये भागाकार ६ ने, रेड-१० मध्ये २ ने. सलग मोठ्या लिखाणात अख्खी स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेली एक ओळ) एकदम लिहिली जाते, जुनं वाचावं लागत नाही, म्हणून तिथे हा भुर्दंड पडत नाही. ४ केबीला मंद आणि १ एमबीला ठीक असेल, तर बिघाड शोधत बसू नका. ते रेड-५ चं गणितच आहे.

दोन्हीकडे मंद असेल आणि हार्डवेअर कंट्रोलर असेल, तर पहिला संशय कॅशवर. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. डेटाबेस प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) डिस्कची पोच मागतो. ती थेट प्लॅटरवरून यायची तर गाडी सेकंदाला शंभर कमिटच्या आसपासच अडते. राइट-बॅक कॅश चालू असेल तर कंट्रोलर स्वतःच्या मेमरीतूनच पोच देतो. पण वीज गेल्यावर ही मेमरी टिकवणारी बॅटरी मेली, की कंट्रोलर गुपचूप राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहून झाल्यावरच पोच) जातो. सर्व्हर चालू असतो, लाल दिवाही लागेलच असं नाही, फक्त सगळं रांगू लागतं. मेगारेड कार्डावर स्टॉरसीएलआय या कमांडने व्हर्च्युअल ड्राइव्हची यादी काढा आणि कॅशच्या रकान्यात डब्ल्यूबी (राइट-बॅक) आहे की डब्ल्यूटी (राइट-थ्रू) ते पाहा. डब्ल्यूटी दिसलं तर बॅटरीची स्थिती तपासून ती बदला. जुन्या कार्डांवर बॅटरी ठरावीक दिवसांनी स्वतःला रिकामी करून पुन्हा भरते, तेव्हाही काही तास असंच होतं. ‘ऑल्वेज राइट-बॅक’ लावून मोकळं होण्याचा मोह टाळा. वीज गेली तर कॅशमधला डेटा जाईल, सोबत फाइल सिस्टिमही.

कॅश ठीक निघाली तर आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी कमांड) एक्स पर्यायासह, दर सेकंदाला चालवा. डब्ल्यू-अवेट (लिहायला लागणारा वेळ) हा रकाना डिस्कवार बघा. तीन डिस्क ९-१० मिलिसेकंदांवर आणि चौथी १८० वर असेल, तर सापडला चोर. सगळी रेड त्या एकीसाठी थांबते. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडमध्ये तिचे १९७ (पेंडिंग सेक्टर) आणि १९९ (सीआरसी एरर) पाहा. १९७ शून्याच्या वर असेल तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा.

डिस्कचा मॉडेल नंबरही तपासा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. थोडं लिहिलं तर ठीक, पण तासभर लिहीत राहिलं की वेग कोसळतो, आणि रेड रीबिल्डमध्ये नेमकं तेच होतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने ‘रेड’ मालिकेतली २ ते ६ टीबीची काही मॉडेलं एसएमआर असल्याचं जाहीर केलं. (त्या नावाचा संबंध रंगाशी, आपल्या रेडशी नाही.) सेटिंग बदलून हे सुटत नाही. सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या) डिस्कच घ्या.

सॉफ्टवेअर रेडवर (कार्डाऐवजी लिनक्सच चालवतो ती) आधी प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल उघडा. रीसिंक (डिस्क पुन्हा जुळवणं) किंवा चेक (तपासणी) चालू असेल तर मंदीचं कारण तेच. डेबियनवर ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. कामाच्या वेळी स्पीड-लिमिट-मॅक्स (या कामाच्या वेगाची मर्यादा) २००००० वरून २०००० केबीवर आणा, रात्री परत वाढवा. रेड-५/६ असेल तर स्ट्राइप-कॅश-साइज (स्ट्राइप जुळवायला राखलेली रॅम) मूळ २५६ असते; ती ४०९६ करून पुन्हा मोजा. चार डिस्कना ६४ एमबी रॅम लागेल, आणि रीबूटनंतर मूल्य मूळपदावर येतं, म्हणून यूडेव्हचा (बूट होताना सेटिंग लावणारा) नियम लिहून ठेवा. जुनं पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू होत असेल तर ते २०४८ पासून नव्याने करा. त्यासाठी डेटा हलवावा लागेल.

हे सगळं जागेवर असून आकडा वरच्या गणिताशी जुळत असेल, तर ट्यूनिंग थांबवा. त्याच चार डिस्कची रेड-१० केलीत तर ७५ चे १५० होतात, जागा मात्र तीन डिस्कची दोन डिस्कएवढी उरते. बॅकअप घ्या, तो उघडतोय का पाहा, मगच जुनी रेड मोडा.