ओपनस्टॅक शिकायचंय तर एका व्हीएमच्या मागे मागे जा

ओपनस्टॅक म्हणजे आपल्याच सर्व्हरवर स्वतःचा क्लाउड उभा करायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. ते शिकायला बसलं की आधी समोर येते ती सगळ्या सर्व्हिसेसची भलीमोठी डायग्राम, नोव्हा, न्यूट्रॉन, कीस्टोन, ग्लान्स, सिंडर, प्लेसमेंट, स्विफ्ट, हीट, आयरॉनिक, ऑक्टाव्हिया, आणि मग माणूस प्रत्येक नावापुढे एकेक ओळ पाठ करत बसतो. असं पाठांतर करून ओपनस्टॅक येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, एका मशिनवर ते उभं करा, एक व्हीएम (व्हर्च्युअल मशिन) बनवायला सांगा आणि ती रिक्वेस्ट कुठून कुठे जाते ते लॉगमध्ये बघा. मुख्य कंपोनंट सगळे त्या एका रस्त्यावर भेटतात, आणि कोण कशाला लागतं हे मग वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

थोडं आधीचं सांगतो. २०१० मध्ये रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून हा प्रोजेक्ट सुरू केला, नासाच्या नेब्युला या क्लाउड प्रोजेक्टमधून नोव्हा (व्हीएम सांभाळणारी सर्व्हिस) आलं आणि रॅकस्पेसच्या स्टोरेजमधून स्विफ्ट. कोड जवळजवळ सगळा पायथनमध्ये, लायसन्स अपाची २.०, दर सहा महिन्यांनी नवीन रिलीज. सर्नसारखी मोठी प्रयोगशाळा २०१३ पासून प्रॉडक्शनमध्ये वापरतेय, त्यामुळे हे खेळणं नाहीये.

आणि एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा कारण बरेच जण इथेच गोंधळतात, ओपनस्टॅक स्वतः व्हीएम चालवत नाही. व्हीएम चालवतं केव्हीएम, त्याच्याशी बोलतं लिबव्हर्ट, पॅकेट पुढे सरकवतं ओपन व्हीस्विच, डिस्क असते एलव्हीएमवर (त्याच मशिनच्या डिस्कचे भाग) नाहीतर सेफवर (अनेक मशिनवर पसरलेलं स्टोरेज). ओपनस्टॅकचं काम म्हणजे या सगळ्यांना कोणी, कधी, कुठे काय करायचं ते सांगणं आणि कोणाला किती दिलंय त्याचा हिशोब ठेवणं. हे कळलं की एरर आल्यावर "हा प्रॉब्लेम ओपनस्टॅकचा की खालच्या लिनक्सचा" हा प्रश्न तुम्ही आपोआप विचारायला लागता, आणि निम्मं डीबगिंग तेवढ्यातच होतं.

मशिन आणि इन्स्टॉल

सुरुवातीला दोन पर्याय दिसतील, डेव्हस्टॅक आणि कोला-अँसिबल. डेव्हस्टॅक हे ओपनस्टॅकचा कोड लिहिणाऱ्यांसाठी आहे, एक स्क्रिप्ट चालवली की सगळं उभं राहतं पण ते मशिनच्या सिस्टीममध्ये बरेच बदल करतं, त्यामुळे रोजच्या लॅपटॉपवर थेट अजिबात चालवू नका, आणि रीबूटनंतर सगळं जसंच्या तसं परत येईल याचाही भरवसा नसतो. कोडमध्ये हात घालायचा असेल तर डेव्हस्टॅक, चालवायला शिकायचं असेल तर कोला-अँसिबल. कोलामध्ये प्रत्येक सर्व्हिस स्वतंत्र कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात) असते, एकच सर्व्हिस बंद-चालू करून बघता येते, आणि पुढे आपल्याला नेमकं तेच करायचंय.

कोलाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये किमान ८ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क आणि दोन नेटवर्क इंटरफेस सांगितलेत. ८ जीबीत उभं राहतं पण व्हीएम टाकायला जागा उरत नाही, १६ असेल तर बरं. सीपीयूमध्ये व्हर्च्युअलायझेशन आहे का ते सीपीयू इन्फो फाइलमध्ये बघा, इंटेलला व्हीएमएक्स आणि एएमडीला एसव्हीएम हा फ्लॅग दिसला पाहिजे. तुम्ही व्हीएमच्या आतच प्रयोग करत असाल आणि नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम चालवायची सोय) मिळत नसेल तर कोलाच्या ग्लोबल्स या सेटिंगच्या फाइलमध्ये नोव्हाचा व्हर्ट टाइप केव्हीएमऐवजी क्यूएमू (सॉफ्टवेअरनेच सीपीयूची नक्कल करणारा) करा, हळू चालेल पण चालेल.

दोन इंटरफेस का लागतात ते नीट समजून घ्या कारण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. पहिल्या इंटरफेसवर मशिनचा आयपी असतो आणि सगळ्या सर्व्हिसेस एकमेकांशी त्यावर बोलतात. दुसरा न्यूट्रॉनला (नेटवर्कची सर्व्हिस) बाहेरच्या नेटवर्कसाठी द्यायचा आणि त्यावर आयपी ठेवायचा नाही, कारण तो ओपन व्हीस्विचच्या ब्रिजमध्ये जातो. एकच इंटरफेस दोन्हीकडे दिलात तर डिप्लॉयच्या मधेच एसएसएच (दुरून लॉगिन) तुटतं आणि मशिनसमोर जाऊन बसावं लागतं.

बाकी क्रम सरळ आहे. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, त्यात कोला-अँसिबल टाका, ग्लोबल्स आणि पासवर्ड्स या दोन फाइल ईटीसीखालच्या कोला फोल्डरमध्ये कॉपी करा, ऑल-इन-वन इन्व्हेंटरी (कुठल्या मशिनवर काय टाकायचं त्याची यादी) घ्या, पासवर्ड जनरेट करायची कमांड चालवा. ग्लोबल्समध्ये दोन्ही इंटरफेसची नावं आणि इंटर्नल व्हीआयपी भरा. व्हीआयपी म्हणजे त्याच सबनेटमधला कोणी न वापरलेला आयपी, पण एकाच नोडवर (मशिनवर) एचएप्रॉक्सी (आलेल्या रिक्वेस्ट वाटून देणारा) बंद ठेवणार असाल तर तिथे मशिनचाच आयपी द्यायचा. मग बूटस्ट्रॅप सर्व्हर्स, प्रीचेक्स, डिप्लॉय आणि शेवटी पोस्ट-डिप्लॉय. प्रीचेक्सला लाल दिसलं तर पुढे जाऊ नका, तिथला मेसेज शांतपणे वाचा, बहुतेक वेळा कारण त्यातच लिहिलेलं असतं.

इन्स्टॉल झाल्यावर इनिट-रनवन्स नावाची एक तयार स्क्रिप्ट मिळते, ती डेमो नेटवर्क, इमेज, फ्लेव्हर सगळं स्वतःच बनवते. ती चालवू नका. उघडून वाचा जरूर, पण कमांड एकेक करून हाताने द्या. हॉरायझनच्या वेब पेजवरूनही हे सगळं होतं, तरी पहिल्यांदा कमांड लाइनच वापरा, बटणाच्या मागे काय घडलं ते पेजवर कळत नाही.

आता ती एक व्हीएम

तयारी अशी करा, सिरॉस नावाची अगदी छोटीशी टेस्ट इमेज ग्लान्समध्ये (इमेज ठेवणारी सर्व्हिस) अपलोड करा, ५१२ एमबी रॅमचा एक फ्लेव्हर (व्हीएमचा आकार), एक प्रायव्हेट नेटवर्क आणि सबनेट, बाहेरचं नेटवर्क, दोघांना जोडणारा राउटर, एक कीपेअर (एसएसएचच्या किल्ल्यांची जोडी). मग सर्व्हर क्रिएटची कमांड द्या आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये कोलाच्या लॉग व्हॉल्युममधले नोव्हाचे लॉग उघडे ठेवा.

पहिला थांबा कीस्टोन, म्हणजे ओळख तपासणारी सर्व्हिस. तुमचा युजर-पासवर्ड देऊन तिथून टोकन मिळतं आणि सोबत कॅटलॉग मिळतो, म्हणजे नोव्हा कुठल्या पत्त्यावर, ग्लान्स कुठल्या पत्त्यावर. आजकाल टोकन फर्नेट प्रकारचं असतं, ते डेटाबेसमध्ये साठवलं जात नाही, किल्लीने उघडून तपासलं जातं, म्हणून कीस्टोनचे नोड जास्त असतील तर फर्नेटच्या किल्ल्या सगळ्यांवर सारख्या पाहिजेत आणि घड्याळंही जुळलेली पाहिजेत. पासवर्ड बरोबर असूनही ४०१ (ओळख पटली नाही) अशी एरर येत असेल तर आधी क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे का बघा.

मग रिक्वेस्ट नोव्हा एपीआयकडे जाते, पोर्ट ८७७४. तो कोटा तपासतो, नोंद करतो आणि लगेच "ठीक आहे, घेतलं" म्हणून उत्तर देतो. व्हीएम अजून कुठेही नसते, फक्त स्टेटस बिल्ड दिसतं. इथून पुढचं काम रॅबिटएमक्यू या मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेतून होतं, एपीआयने कंडक्टरला (नोव्हातला मध्यस्थ) मेसेज टाकला, कंडक्टरने शेड्युलरला (होस्ट निवडणारा) विचारलं, शेड्युलरने प्लेसमेंटला विचारलं की एवढी सीपीयू, एवढी मेमरी, एवढी डिस्क कुठल्या होस्टवर मोकळी आहे. प्लेसमेंट आधी नोव्हाच्याच आत होतं, २०१९ च्या स्टाइन रिलीजपासून वेगळा प्रोजेक्ट झाला. त्याने दिलेली यादी शेड्युलर आपल्या फिल्टरमधून गाळतो, उरलेल्यांना गुण देतो, एक होस्ट निवडतो, आणि मग त्या होस्टवरच्या नोव्हा-कंप्युटला मेसेज जातो.

खरी धावपळ कंप्युट करतो. न्यूट्रॉनकडून पोर्ट मागतो म्हणजे मॅक आणि आयपी, ग्लान्सकडून इमेज उतरवतो आणि स्थानिक कॅशमध्ये ठेवतो (म्हणून त्याच इमेजची दुसरी व्हीएम पटकन उठते), व्हॉल्युम (वेगळी डिस्क) लावायचा असेल तर सिंडरला (व्हॉल्युम देणारी सर्व्हिस) सांगतो, मग लिबव्हर्टला एक्सएमएल देऊन व्हीएम सुरू करतो. आणि गंमत म्हणजे तो डेटाबेसमध्ये थेट काहीच लिहीत नाही, ते कंडक्टरमार्फत होतं, म्हणजे एखादा कंप्युट नोड कोणी हॅक केला तरी डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या हाती लागत नाही. हे डिझाइन मला फार आवडतं.

व्हीएम उठल्यावर तिच्या आतलं क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला सेटिंग करणारा प्रोग्राम) १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा सर्व्हिसच्या पत्त्यावर जाऊन स्वतःची माहिती आणि एसएसएचची किल्ली विचारतं. सिरॉसमध्ये यासाठी छोटी वेगळी व्यवस्था आहे पण पत्ता तोच. किल्ली घेतली नाही असं दिसलं तर आधी मेटाडेटा सर्व्हिस तपासा, इमेजला दोष देऊ नका.

अॅक्टिव्ह झाली, फ्लोटिंग आयपी (बाहेरून पोचता येणारा पत्ता) लावला, तरी पिंग जात नाही? बहुतेक वेळा सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे व्हीएमचे फायरवॉलचे नियम. डीफॉल्ट ग्रुपमध्ये बाहेर जायला परवानगी असते, बाहेरून आत यायला नसते, आयसीएमपी (पिंगसाठी) आणि पोर्ट २२ (एसएसएचसाठी) चे नियम तुम्हालाच टाकायचे असतात. पिंग जातं, छोटं काम होतं, पण मोठी फाइल कॉपी करताना किंवा एसएसएच लॉगिन होताना अडकतं, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. व्हीएक्सलॅनमध्ये (व्हीएमचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून पाठवायची पद्धत) प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचं ओझं चढतं, म्हणून खालचं नेटवर्क १५०० चं असेल तर व्हीएमच्या आत १४५० पाहिजे.

अजून एक, डिस्क कुठे आहे ते माहीत असू द्या. सर्व्हर इमेजवरून सरळ बनवला असेल तर त्याची रूट डिस्क त्या सर्व्हरबरोबरच डिलीट होते. डेटा टिकवायचा असेल तर सिंडर व्हॉल्युम घ्या आणि सर्व्हर डिलीट होताना व्हॉल्युमही डिलीट होणार असं सेट केलेलं नाही ना ते बघून घ्या. स्विफ्ट म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज, ते एचटीटीपीवरून वापरतात, पहिल्या व्हीएमसाठी लागत नाही.

मुद्दाम मोडून बघा

शिकण्यातला सगळ्यात भारी भाग हा आहे, कृपया गाळू नका. नोव्हा-कंप्युटचा कंटेनर थांबवा आणि लगेच नवीन व्हीएम मागा. ती बिल्डमध्येच लटकलेली दिसेल, कारण कंप्युट मेलाय हे नोव्हाला अजून कळलेलं नाही, शेड्युलरने तो निवडला आणि मेसेज रांगेत पडून आहे. कंटेनर परत सुरू केलात की तो मेसेज उचलला जातो आणि व्हीएम उठते. आता परत थांबवा आणि दोन मिनिटं जाऊ द्या. कंप्युट डीफॉल्टने दर १० सेकंदांनी आपण जिवंत असल्याचं कळवतो आणि ६० सेकंद काही आलं नाही तर नोव्हा त्याला डाउन मानतं. यावेळी व्हीएम सरळ एररमध्ये जाईल आणि "नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड" असा मेसेज मिळेल. बघा, बिघाड एकच पण वेळेनुसार लक्षणं दोन, हे एकदा स्वतः पाहिलं की खऱ्या घोळात डोकं शांत राहतं.

नो व्हॅलिड होस्टचा अर्थ "जागा संपली" एवढाच नाही. कंप्युट डाउन असेल, नवीन नोड सेलमध्ये (नोव्हाचा कंप्युट नोडचा गट) डिस्कव्हर झालेला नसेल, किंवा फ्लेव्हरमध्ये न पुरणारी अट असेल, सगळ्याला वरून तेच दिसतं. कंप्युटने प्रयत्न केला पण न्यूट्रॉनचं बाइंडिंग (पोर्ट त्या होस्टला जोडणं) फसलं आणि दुसरा होस्टच उरला नाही तर "एक्सीडेड मॅक्सिमम नंबर ऑफ रिट्राइज" असा मेसेज येतो. म्हणून असं करा, सर्व्हर इव्हेंट लिस्ट काढा, त्यात "रेक" ने सुरू होणारा रिक्वेस्ट आयडी मिळेल, तो सगळ्या नोव्हा लॉगमध्ये ग्रेप करा (शोधा). एपीआय, कंडक्टर, शेड्युलर, कंप्युट, ज्या फाइलमध्ये तो आयडी शेवटचा दिसतो तिथूनच शोध सुरू करायचा. सोबत कंप्युट सर्व्हिस लिस्ट आणि नेटवर्क एजंट लिस्ट बघा. सगळंच एकदम हळू झालं असेल, प्रत्येक सर्व्हिस टाइमआउट म्हणत असेल, तर एकेकाच्या मागे न लागता थेट रॅबिटएमक्यू आणि मारियाडीबीकडे (सगळ्यांचा डेटाबेस) जा.

हीट, ऑक्टाव्हिया, मॅग्नम, आयरॉनिक हे सगळं नंतर, आणि लागलं तरच. ऑक्टाव्हिया स्वतःच लोड बॅलन्सरसाठी व्हीएम उठवतं, म्हणजे खालचा नोव्हा-न्यूट्रॉन कच्चा असेल तर ते कधीच नीट चालणार नाही. छोट्या टीमला फक्त व्हीएम हव्या असतील आणि हे सगळं सांभाळायला माणूसच नसेल तर अपाची क्लाउडस्टॅकही बघा, त्यात बरंचसं काम एकाच मॅनेजमेंट सर्व्हरमध्ये आहे.

ओपनस्टॅकच घेणार असाल तर अपग्रेडचा विचार पहिल्या दिवशीच करा. २०२३.१ पासून वर्षाचं पहिलं रिलीज असं ठेवलंय की एका रिलीजवरून मधलं सोडून थेट पुढच्या वर्षीच्या पहिल्यावर जाता येतं, म्हणून नवीन काही उभं करताना .१ वालंच निवडा. आणि ग्लोबल्स, पासवर्ड्स, इन्व्हेंटरी या तीन फाइलचा बॅकअप मशिनच्या बाहेर ठेवा, पासवर्डची फाइल एन्क्रिप्ट करून.