बायोटेक कंपनीतली खूनकथा: आधी नोंदी लिहा, मग कादंबरी

बायोटेक कंपनीत खून घडवायचा असेल तर पहिलं प्रकरण मागाहून लिहा. आधी त्या रात्रीच्या नोंदी लिहून काढा, मिनिटांसकट. दार उघडलं, फ्रीजर तापला, कुणी नमुना काढला, की या उद्योगात त्याची कुठेतरी वेळेसह नोंद पडते. माणसं खोटं बोलतील, पण सगळ्या नोंदींना एकाच वेळी खोटं बोलायला लावणं फार अवघड. खुन्याचं तिथे काय निसटलं, तेच तुमचं कथानक.

जागा रबाळे-महापे पट्ट्यातली घ्या, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची. ही हद्द नवी मुंबई आयुक्तालयाची. तपास अधिकारी क्रॉफर्ड मार्केटच्या मुख्यालयातून निघाला असं लिहिलंत, की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

मग माल ठरवा. बायोसिमिलर अँटिबॉडी (मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं, प्रथिनाचं औषध) सोयीची. पेशी वाढवायचा 2000 लिटरचा रिॲक्टर, त्यात हे प्रथिन बनवणाऱ्या सीएचओ पेशी (मूळ चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या), तापमान 37 अंश, सामू 7 च्या आसपास, बॅच साधारण दोन आठवड्यांची. लिटरमागे 3 ग्रॅम धरले तर 6 किलो प्रथिन. बाराव्या दिवशी जंतुसंसर्ग झाला तर सगळी बॅच नष्ट करावी लागते. एकजण संसर्ग लपवतो, दुसऱ्याच्या ते लक्षात येतं: हेतू मिळाला. या पेशी माणसाला अपाय करत नाहीत, म्हणून लॅबमधून निसटलेला विषाणू इथे आणू नका.

संशयितांना आत कोंडायला मुंबईचा पाऊस पुरेसा आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस कल्पा: लोकल बंद, कंपनीची बस पाण्यात, पुढच्या पाळीचा रिलीव्हर पोचत नाही. पेशींना सुट्टी नसते, त्यामुळे असलेल्या पाच-सहाजणांनाच थांबावं लागतं.

आता क्लीन रूम, म्हणजे धूळ आणि जंतूंपासून राखलेली उत्पादनाची खोली. इथे घाई करू नका, कारण रहस्याचा जीव इथेच आहे. आत जाताना अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र, काजळ सगळं बाहेर राहतं. पांढरा अंगभर सूट, मास्क, गॉगल, दुहेरी हातमोजे. सीसीटीव्हीत फक्त उंची आणि चाल दिसते. दार उघडायच्या एकाच्या कार्डावर दुसराही आत घुसू शकतो, म्हणून कार्डाच्या नोंदीवर कथा उभी करू नका. खोल्यांमधल्या हवेच्या दाबात मात्र 10 ते 15 पास्कलचा फरक राखलेला असतो. दार उघडलं की तो खाली येतो आणि आलेखात खळगा पडतो. कार्डाची नोंद नाही पण खळगा आहे, हा उत्तम दुवा.

दुसरा दुवा सावकाश उगवतो. हवेतले जंतू टिपायला पेट्री प्लेट जास्तीत जास्त चार तास उघडी ठेवतात, बाहेर पडताना हातमोज्यांच्या बोटांचे ठसेही प्लेटवर घेतात. प्लेटा उबवल्यावर निकाल तीन ते पाच दिवसांनी येतो, म्हणजे चौकशी थंडावत असताना पुरावा वाढत असतो. प्लेटवरच्या त्वचेच्या जंतूंवरून माणूस ओळखता येत नाही, निर्जंतुक शिस्त मोडली एवढंच कळतं. ही मर्यादा पाळा.

घड्याळांचा खेळ करायचा असेल (एक यंत्र सात मिनिटं पुढे), तर तो फरक आधीच्या एखाद्या साध्या प्रसंगात वाचकाला दाखवून ठेवा. शेवटी अचानक काढलात तर ती फसवणूक ठरते.

पेशी गोठवून ठेवायला वापरतात त्या द्रवरूप नायट्रोजनचा प्रसंग बहुतेक लेखक चुकवतात. त्याचं तापमान उणे 196 अंश, आणि एका लिटरचा सुमारे 700 लिटर वायू होतो. हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, तो 19.5 च्या खाली गेला की अलार्म वाजायला हवा. माणूस गळा धरून तडफडत नाही. गुदमरण्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, आणि तो इथे उच्छ्वासातून बाहेर पडत राहतो. माणूस नुसता कोसळतो. अलार्म का वाजला नाही, हा प्रश्न तपासाला पुरतो.

पोलिसी बाजू थोडक्यात. आधी अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा, संशय बळावल्यावर खुनाचा गुन्हा. 1 जुलै 2024 नंतरच्या कथेत जुन्या दंड संहितेचं कलम 302 नाही, भारतीय न्याय संहितेचं 103. नमुने कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवा, पण तासाभरात डीएनए अहवाल आणू नका. संगणकातल्या नोंदी कोर्टात टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवतानाची ओढाताण चांगलं प्रकरण होईल.

दुवे कसे पेरायचे हे शिकायला मुळकोवालचं प्रकरण अभ्यासा. 1902 मध्ये पंजाबातल्या या गावात मुंबईत बनलेली शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस टोचल्यावर 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना 53एन या एकाच बाटलीतली लस दिली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. पण गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही बारीकशी गोष्ट शेवटी निर्णायक ठरली आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. तुमच्या कादंबरीतला चिमटा पहिल्या पन्नास पानांत, चहाच्या गप्पांत, पडलेला असू द्या.

नोंदी पूर्ण झाल्या की गुन्हेगाराचं नाव न सांगता फक्त त्या कागदांचा गठ्ठा क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचायला द्या. त्याने पाच मिनिटांत खाडाखोड पकडली तर खुनी फार भोळा आहे. अजिबात सापडली नाही तर एक खळगा वाढवा.