वळवाच्या ढगांमागे: मित्रांसोबत वादळाचे फोटो कसे काढावेत

एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास पुण्याजवळच्या सासवडच्या माळावर उभं राहून पूर्वेकडे बघा. आधी नुसता फुफाटा आणि पांढुरकं आभाळ दिसतं. मग क्षितिजावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक ढग डोकं वर काढतो. वीस-पंचवीस मिनिटांत तो दुप्पट होतो, आणि तासाभरात त्याचा माथा सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. हा क्युम्युलोनिंबस, म्हणजे वळीव घेऊन येणारा गर्जनमेघ. त्याचा माथा १२ ते १५ किलोमीटर उंचीवर असतो. ज्याला ही वाढ एकदा उघड्या डोळ्यांनी दिसली, तो पुढच्या उन्हाळ्यात घरात बसत नाही.

अमेरिकेतल्या सपाट मैदानांवर लोक टोर्नेडोंच्या, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत सोंडेसारख्या उतरणाऱ्या वावटळींच्या मागे शेकडो किलोमीटर गाड्या पळवतात. आपल्याकडे तेवढं धावायची गरज नाही. दख्खनच्या पठारावर वळीव आपल्याकडे चालत येतो, आपण योग्य ठिकाणी, योग्य अंतरावर थांबायचं असतं.

१. चौघं जमवा आणि कामं वाटून घ्या

एकट्यानं जाऊ नका. गाडी चालवणारा फोटो काढणार नाही, हा पहिला नियम. दुसऱ्याच्या हातात मोबाइल आणि नकाशा, बाकीच्या दोघांकडे कॅमेरे. पाळी पुढच्या खेपेला बदलता येते.

दुसरा नियम त्याहून मोठा: चौघांपैकी एक जण जरी ‘चला’ म्हणाला, तरी निघायचं. कारण विचारायचं नाही, ‘पाच मिनिटं थांब रे’ म्हणायचं नाही. हा नियम आम्ही अनुभवातून केला. मोरगावजवळच्या एका आडरस्त्यावर आमच्यातला एक जण निघू या म्हणत होता आणि आम्ही तिघं फोटोत रमलो होतो. वारं अचानक फिरलं, धुळीनं समोरचं दिसेना, आणि एक बाभळीची फांदी रस्त्यावर आडवी आली. पुढची चाळीस मिनिटं आम्ही गाडीत बसून टपावर गारा मोजल्या. समोरच्या काचेला तडा गेला. त्या दिवशीचा एकही फोटो ठेवण्यासारखा नाही.

२. सकाळीच आभाळाचा अंदाज घ्या

भारतीय हवामान खात्याचा जिल्हावार इशारा आधी बघा. यलो किंवा ऑरेंज अलर्ट आणि सोबत ‘मेघगर्जनेसह पाऊस’ असेल तर तयारीला लागा. रेड असेल तर घरीच थांबा. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर ‘केप’ नावाचा एक पर्याय असतो. हवेत वर उसळण्यासाठी किती ऊर्जा साठली आहे, ते हा आकडा सांगतो. तो १००० च्या वर गेला की मी लक्ष ठेवतो, २००० च्या वर गेला की मित्रांना फोन करतो. पण नुसत्या आकड्यावर ढग होत नाही, हवेत ओलावाही लागतो. सकाळी उठल्यावर अंग चिकचिकत असेल आणि दहालाच ऊन भाजत असेल, तर संध्याकाळी काहीतरी घडण्याची शक्यता चांगली.

दुपारनंतर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज, उपग्रहाची चित्रं आणि ‘दामिनी’ अ‍ॅप उघडं ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं केलेलं हे अ‍ॅप तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. माझ्या मते कॅमेऱ्याआधी हे मोबाइलमध्ये हवं.

३. जागा: डांबरी रस्ता, दोन वाटा, उघडं क्षितिज

जेजुरी-मोरगाव-सुपे पट्टा, फलटण-दहिवडीकडची माळरानं, सोलापूर रस्त्याच्या आजूबाजूचा सपाट प्रदेश या भागांत आभाळ खालपर्यंत दिसतं. थांबायची जागा उजेडात हेरून ठेवा. तिथून बाहेर पडायला किमान दोन रस्ते हवेत. काळ्या मातीच्या गाडीवाटेवर उतरू नका. दहा मिनिटांच्या सरीत ती लोण्यासारखी होते आणि चाकं जागेवर फिरत राहतात.

गड, टेकडीचा माथा, घाटाचा कठडा या जागा फोटोला सुंदर, पण वीज पडायला तितक्याच सोयीच्या. एकट्या झाडाखाली, विजेच्या तारांखाली आणि जाहिरातीच्या फलकाजवळ तर अजिबात थांबू नका. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला अशाच अवकाळी वादळी वाऱ्यात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली.

ढगाच्या पोटात शिरायचं नाही, बाजूला राहायचं. तो कुठे सरकतोय ते उपग्रहाच्या दोन-तीन चित्रांवरून काढा, कारण दिशा रोज बदलते. मग त्याच्या वाटेपासून बाजूला २०-२५ किलोमीटरवर थांबा. संध्याकाळी ढग पूर्वेला आणि तुम्ही पश्चिमेला असाल तर मावळतीचा उजेड थेट ऐरणीवर पडतो. आधी पिवळा, मग केशरी, शेवटी गुलाबी. तो रंग जेमतेम दहा मिनिटं टिकतो.

४. ढग वाचायला शिका

कडा फ्लॉवरसारख्या टणक आणि रेखीव असतील तर ढग अजून वाढतोय. कडा पिंजलेल्या कापसासारख्या दिसू लागल्या की माथ्यावर बर्फ झालाय. ऐरणीच्या खालच्या बाजूला कधी गोल गोल लोंबते फुगे दिसतात. तिरप्या उन्हात त्यांच्याइतकं देखणं दुसरं काही नाही.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे गार वारा. पावसाबरोबर थंड हवा खाली आपटते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. अंगावर एकदम गार झुळूक आली, मातीचा वास आला, आणि समोरून जमिनीलगत काळी फळी सरकत येताना दिसली, की ती तुमच्याकडेच येतेय. फोटो घेतले असतील तेवढे पुरे, गाडीत बसा.

५. कॅमेरा

ट्रायपॉड, रिमोट किंवा इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळानं आपोआप फोटो काढणारं यंत्र), १६-३५ मिमीच्या आसपासची वाइड लेन्स, जादा बॅटरी, लेन्स पुसायला जुना सुती पंचा. त्याशिवाय किलोभर मूग भरलेली कापडी पिशवी. ढग लांब असताना गाडीच्या खिडकीत ती ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की तो ट्रायपॉडपेक्षा स्थिर बसतो.

रात्रीच्या विजेसाठी मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते २००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर १० ते २० सेकंद उघडं, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. ऑटोफोकस बंद करा. लांबच्या टॉवरचा दिवा स्क्रीनवर मोठा करून हातानं फोकस लावा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद ठेवा. मग एकामागून एक फोटो निघू द्या, वीज दिसल्यावर बटण दाबायला जाल तर ती गेलेली असेल.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वीज क्षणभरच चमकते, म्हणून फोटोत ती किती उजळ येईल हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटर ठरवतं ते भोवतालचं आभाळ. वीज पांढरी फटक येत असेल तर एफ/११ करा, म्हणजे छिद्र लहान होतं. आभाळ फार उजळ येत असेल तर शटरचा वेळ कमी करा.

दिवसा हे अवघड. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच), एफ/१६ आणि अर्ध्या सेकंदाचं शटर चालतं, नाहीतर सरळ फोर-के व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातली वीज असलेली फ्रेम काढा. मोबाइलवाल्यांसाठीही हाच उत्तम मार्ग. फ्रेममध्ये खाली एखादी बाभूळ, वाडी, मंदिराचा कळस ठेवा. त्याशिवाय ढग केवढा आहे ते कळत नाही.

६. थांबायचं कधी

चमक दिसली की सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. कॅमेरा बाहेर राहिला तरी चालेल, माणसं आत. बंद काचांची, पत्र्याच्या टपाची गाडी चांगला आसरा आहे, पण तो टायरच्या रबरामुळे नाही. वीज धातूच्या सांगाड्यावरून जमिनीत जाते, म्हणून आतल्या धातूला हात लावायचा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं मरतात, आणि त्यांतली बरीचशी उघड्या रानात असतात.

परतीचा रस्ताही तितकाच जपा. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ बघून परतताना ओल्या महामार्गावर गाडी घसरून झालेल्या अपघातात गेले. पाऊस कोसळत असेल तर ढाब्यावर चहा घ्या, उशीर झाला तरी घरी फोन करा, पण गाडी दामटू नका.

७. शेताच्या बांधावर

आपण ज्या ढगाची वाट बघतो, त्याच्याच भीतीनं शेजारचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो. विचारल्याशिवाय रानात शिरू नका. गारांनी झोडपलेल्या बागेसमोर ‘काय भारी ढग होता’ म्हणू नका. सुप्याच्या अलीकडे एकदा आम्ही ट्रायपॉड लावत होतो, गडगडाट अजून ऐकूही येत नव्हता. शेजारी एक मावशी आणि त्यांचा मुलगा रानात काढून ठेवलेल्या कांद्यावर ताडपत्री ओढत होते. दामिनीवर वीज ३० किलोमीटरवर दिसत होती, म्हणजे हाताशी वेळ होता. आम्ही कॅमेरे गाडीत ठेवले, चौघांनी चार टोकं धरली आणि कडेनं दगड रचले. ‘आता जावा बिगीबिगी,’ मावशी म्हणाल्या, ‘त्यो यायचाच हाय.’ तेव्हापासून आमच्या डिकीत ट्रायपॉडशेजारी सुतळीचं एक मोठं बंडल असतं.