विकिपीडियावर संपादनाचा वाद झालाय? या चुका टाळा

तासभर खपून लेखात एक परिच्छेद घालावा आणि सकाळी पाहावं तर तो कुणीतरी काढून टाकलेला. राग येणारच. पण त्या रागाच्या भरात पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करतो, त्यावर वाद मिटणार की चिघळणार हे बरंचसं ठरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मजकूर लगेच परत घालणं. समोरचा पुन्हा काढतो, आपण पुन्हा घालतो. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं, म्हणजे रद्द केलं, तर संपादनबंदी येऊ शकते. ‘पण माझंच बरोबर होतं’ हे सांगून सहसा सुटका होत नाही. तीनदा उलटवायची मुभा आहे असंही समजू नका. रोज मोजून दोनदा उलटवत राहणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते. खरं तर घाई करायचं कारणच नसतं. काढलेला मजकूर पानाच्या इतिहासात जसाच्या तसा असतो, महिन्याभरानेही परत आणता येतो.

म्हणून एकदा उलटवलं गेलं की सरळ चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर जा. तिथे ‘तुम्ही नेहमी असंच करता’ असं लिहिलंत की लेख राहतो बाजूला आणि माणसांवरच बोलणं सुरू होतं. त्यापेक्षा असं लिहून बघा: ‘दुसऱ्या परिच्छेदात जन्मवर्ष १८७० होतं, ते आपण १८७२ केलंत. १८७० ला चरित्राच्या पान ४१ चा संदर्भ दिलेला आहे. १८७२ कुठून घेतलंत?’ नेमकं वाक्य, त्याचा आधार आणि एक प्रश्न. याला उत्तर देता येतं. मी स्वतः एका जन्मवर्षावरून दोन दिवस हट्टाला पेटलो होतो. शेवटी दोघांचेही संदर्भ भक्कम निघाले आणि लेखात दोन्ही वर्षं आपापल्या संदर्भासह आली. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता.

प्रश्नच चुकीचा मांडला असेल तर कितीही चर्चा करा, ती संपत नाही. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराला ग्दान्स्क म्हणायचं की जर्मन नावाने डान्झिग, यावरून इंग्रजी विकिपीडियावर प्रचंड भांडणं झाली. ‘खरं नाव कोणतं’ या प्रश्नाला अंतच नव्हता. २००५ मध्ये कोणत्या काळासाठी कोणतं नाव, असं मतदानात विचारलं गेलं आणि मार्ग निघाला: १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क.

तिथे मतदान झालं खरं, पण एरवी सहमती म्हणजे डोकी मोजणं नव्हे. वजन संदर्भांना आणि युक्तिवादाला असतं. त्यामुळे मित्रांना हाका मारून बाजूने लिहायला लावणं फुकट जातं आणि वर नियमभंगही ठरतो. दुसरं खातं काढून स्वतःलाच पाठिंबा देणं तर अजिबात नको. संशय आला तर तांत्रिक नोंदींवरून तपास होतो, आणि पकडले गेलात की तुमच्या खऱ्या मुद्द्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रचालकाकडे, म्हणजे पानं सुरक्षित करण्याचे आणि संपादनबंदी घालण्याचे अधिकार असलेल्या संपादकाकडे, धाव घेतानाही गैरसमज नको. कोणता मजकूर बरोबर हे ठरवणं त्याचं काम नाही. तो वर्तन बघतो. त्याने पान सुरक्षित केलं, म्हणजे संपादनासाठी बंद केलं, तर बहुधा त्या क्षणी असलेली आवृत्तीच तशी राहते. ती आपली नसली म्हणून त्याने बाजू घेतली असं होत नाही. प्रामाणिक मतभेदाला ‘उत्पात’ (मुद्दाम केलेली नासधूस) म्हणून तक्रार केलीत तर तीही टिकत नाही.

दोघांचंच अडलं असेल तर तिसऱ्या संपादकाचं मत मागा. जास्त जण गुंतले असतील तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चापानावर, कुणाचीही बाजू न घेता दोन ओळींची सूचना टाका. समोरून आठवडाभर उत्तरच आलं नाही, तर संदर्भासह बदल करा आणि बदलांच्या आढाव्यात (बदल जतन करताना कारण लिहायच्या छोट्या चौकटीत) लिहा: ‘चर्चापानावर कारण दिलं आहे, हरकत असल्यास तिथे सांगावी.’