लॅमिनेट तापणाऱ्या जागी लावायचंय? मग या चुका टाळा

हाताला कडक लागलं म्हणजे लॅमिनेट (रेझिन नावाच्या चिकट द्रव्याने एकावर एक जोडलेले काचेच्या कापडाचे थर) तयार झालं, या समजुतीपायी वाया गेलेले इतके तुकडे पाहिलेत की नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो. इपॉक्सी हे रेझिन खोलीच्या तापमानाला घट्ट होतं खरं, पण त्याचा टीजी, म्हणजे ज्या तापमानाला कडकपणा जाऊन ते मऊ पडतं तो बिंदू, साधारण 50-60 अंशांवरच अडकतो. डेटाशीटवरचा 150 चा आकडा पोस्ट-क्युअर, म्हणजे घट्ट झाल्यावर ओव्हनमध्ये पुन्हा तापवणं, पुरा केल्यावरचा असतो.

आणि पोस्ट-क्युअर म्हणजे ओव्हन लावून घरी जाणं नव्हे. मी एकदा तेच केलं होतं. बारा थरांचं लॅमिनेट, कालच मोल्डमधून काढलेलं. सळयांच्या रॅकवर ठेवलं आणि ओव्हन थेट 150 ला लावला. सकाळी दार उघडलं तर प्रत्येक दोन सळयांमध्ये ते झोळासारखं खाली आलेलं, आणि खालच्या अंगाला सळयांचे वळ. तो आकार आता कायमचा पक्का झाला होता. टीजी वर चढतो, पण सावकाश. ओव्हन त्याच्या पुढे पळाला की लॅमिनेट स्वतःच्याच वजनाने वाकतं.

तेव्हापासून तासाला 10 अंश, दर 30 अंशांना दोन तास मुक्काम, खाली जाड सपाट प्लेट. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लॅमिनेटलाच चिकटवतो, कारण ओव्हनचा डिस्प्ले हवेचं तापमान दाखवतो. 60 च्या खाली येईपर्यंत दार उघडत नाही. यात एक अख्खा दिवस जातो, तो जाऊ द्यावा.

दुसरी चूक कापडाची. विणताना काचेच्या धाग्याला स्टार्च-तेलाची खळ असते. ती जाळून काढून वर सिलेनचं फिनिश (काच आणि रेझिन जोडणारा लेप) देतात, आणि ते आपल्या रेझिनशी जुळणारं लागतं: इपॉक्सीला अमिनो, पॉलिएस्टरला मेथॅक्रिल. स्वस्त म्हणून फिनिश न विचारता कापड आणू नका. कोरडं असताना ताकद ठीक दिसते, ओलावा शिरला की काच आणि रेझिन सुटतात. मी प्रत्येक नव्या रोलचा छोटा तुकडा लॅमिनेट करून दोन तास पाण्यात उकळतो. विणीच्या गाठींवर पांढरे ठिपके उमटले तर तो रोल परत.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारा घटक) जास्त घातला की लवकर घट्ट होईल, हे अमाइन हार्डनरच्या बाबतीत साफ चूक. जादा अमाइन तसाच उरतो आणि टीजी खाली ओढतो. अंदाज नको, वजनकाटा वापरा.

फेनॉलिक रेझिन क्युअर (घट्ट) होताना पाणी सोडतं. दाब कमी पडला की आत पोकळ्या.

प्रीप्रेग (आधीच रेझिन लावलेलं कापड) उणे 18 च्या फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, कापडावर दव धरतं.

टीजी सांगताना तो कसा मोजला तेही सांगा. डीएमएमध्ये (नमुना तापवत हलवून कडकपणा मोजणारी चाचणी) टॅन डेल्टाचं, म्हणजे ऊर्जा जिरण्याच्या प्रमाणाचं, शिखर उशिरा येतं, म्हणून तो आकडा मोठा आणि सगळ्यांचा आवडता. डिझाइनसाठी मी स्टोरेज मॉड्युलस (कडकपणा) जिथे घसरायला लागतो तो आकडा धरतो, आणि तोही ओलावा प्यायलेल्या नमुन्याचा.